परसबागेचा उन्हाळी बेत आणि विहिरीचें माप

पौष महिना म्हणजे शेतकऱ्याच्या उसंतीचा महिना. बाजरी केव्हांच कणगींत गेलेली असते, ज्वारी हुरड्यास आलेली असते, हरभऱ्यास घाटे धरूं लागलेले असतात आणि गव्हाची पाण्याची पाळी सोडली तर घाईनें करावें असें रानांत फारसें कांहीं उरत नाहीं. अशा दिवसांत सकाळचें कोवळें ऊन घेत ओट्यावर बसलें म्हणजे मन आपोआप गेल्या सालाचा जमाखर्च मांडूं लागतें. नोकरींत असतांना मीं इतरांच्या पिकांचे जमाखर्च पुष्कळ मांडले. यंदा पाळी माझ्या स्वतःच्या सहा गुंठ्यांची आहे, आणि त्यांत खर्चाची बाजू जड आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

मुलकी खात्यांत कारकुनी करून मीं मुदतीपूर्वीं निवृत्ति घेतली व तीन वर्षांमागें गांवीं परत आलों. आमचें गांव सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागांत आहे. सह्याद्रीवर चढून आलेले ढग पश्चिमेसच रिते होतात आणि आमच्याकडे येईतों त्यांत गर्जनेखेरीज फारसें कांहीं शिल्लक राहत नाहीं. जमीन हलकी, मुरमाड. हातभर खणलें कीं कुदळीखालीं खडा वाजूं लागतो. वडिलोपार्जित शेत थोरले बंधू कसतात. घरामागचा सहा गुंठ्यांचा तुकडा मात्र वाटणींत माझ्याकडे आला. विहीर सामाईक. सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या सदरीं ‘विहिरींत निम्मा हिस्सा’ असें दोघांच्याही उताऱ्यांत लिहिलेलें आहे. अशा नोंदी मीं आयुष्यभर वाचल्या, त्यांच्या नकला दिल्या. पण निम्मा हिस्सा म्हणजे नेमकें किती पाणी, हा प्रश्न त्या कागदाला मीं कधीं विचारला नव्हता.

गेल्या सालीं पाऊस बरा झाला होता. संक्रांतीला विहिरींत वाकून पाहिलें तर पाणी हाताला लागेल असें वाटे. मला तर सेवानिवृत्तांची हौस! पुस्तकें वाचून, बियाण्यांच्या दुकानांत दोन खेपा घालून मीं सहाच्या सहा गुंठ्यांत वाफे पाडले. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कलिंगडाचे दोन पट्टे, मेथी, कोथिंबीर, जें जें आठवलें तें तें लावलें. संक्रांतीच्या आठवड्यांतच भेंडी टोकली. ती पहिली चूक. आमच्या भागांत पौषाची थंडी कांहीं खोटी नव्हे. शेजारच्या निफाड तालुक्यांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर ज्या थंडीचे आंकडे नोंदले जातात व वर्तमानपत्रांत छापून येतात, तिचाच वारा आमच्या बांधावरून जातो. भेंडीच्या बियाला जमिनींत सुमारें १७ अंश सेल्सिअस तरी ऊब हवी असते. त्याखालीं तें उगवत नाहीं, ओलींत पडून कुजतें. माझ्या भेंडीचा तिसरा हिस्साही वर आला नाहीं. मीं पुन्हा बीं आणलें, पुन्हा टोकलें आणि वाफे ओले राहावेत म्हणून दिवसाआड पाणी सोडीत राहिलों. म्हणजे न उगवलेल्या पिकालाही मीं विहीर पाजीत होतों.

दुसरी चूक मोठी होती व ती माझ्या एकट्याची राहिली नाहीं. बंधूंनीं विहिरीच्या पलीकडे आठ गुंठ्यांत कांद्याचे डोंगळे लावले होते. कार्तिकांत निवडक कांदे लावावे, त्यांस दांडे येऊन माघांत गोंडे फुलावे आणि चैत्राच्या सुमारास काळें बीं झाडून घ्यावें, हा आमच्या घरचा वडिलांच्या वेळेपासूनचा क्रम. तें बीं बाजाराचें नव्हे. दरसाल घरच्या खळ्यांतले एकसारखे, बारीक मानेचे, एका डेंगळ्याचे कांदे वेंचून जोपासलेलें आहे. फाल्गुनाच्या अखेरीस दाणा भरण्याच्या वेळीं डोंगळ्यांस पाण्याची अखेरची एक पाळी हवी होती. बंधूंनीं रात्रीं मोटार चालू केली ती अर्ध्या तासांत हवा ओढूं लागली. विहिरीचा तळ दिसत होता. बीं आलें तें निम्मेंशिम्में पोचट, सुपांत पाखडलें तेव्हां वाऱ्यावर उडून गेलें.

बंधू मला एक शब्दही बोलले नाहींत. रोज संध्याकाळीं ते आमच्या ओट्यावर येऊन सुपारी कातरीत बसत, तेवढें बंद झालें.

मग मीं माझ्या पाण्याच्या पाळ्या त्यांस सोडून दिल्या; पण वेळ निघून गेलेली होती. माझे वाफे वाळले, त्याचें कांहीं वाटलें नाहीं. परंतु माझ्या लग्नाच्या सालीं वडिलांनीं लावलेल्या दोन कागदी लिंबांपैकीं एक झाड वैशाखांत उभेंच्या उभें वाळलें. तें अद्याप तोडलेलें नाहीं.

एवढें झाल्यावर जें आधीं करावयाचें तें मीं नंतर करूं लागलों. सुताच्या दोरीस दगड बांधला, फुटाफुटावर गांठ मारली आणि गुढीपाडव्यापासून दर रविवारीं सकाळीं, मोटार लागण्यापूर्वीं, पाण्याचें माप घेऊन वहींत टिपूं लागलों. या मापानें मला ज्या गोष्टी शिकविल्या त्या आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असतील. तरी ज्यांचा विहिरीशीं संबंध केवळ मोटारीच्या बटणापुरता उरला आहे, त्यांच्याकरितां त्या सविस्तर लिहितों.

आमची विहीर गोल असून तिचा व्यास १६ फूट आहे. म्हणजे तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें २०१ चौरस फूट, आणि एक फूट उंचीचें पाणी म्हणजे २०१ घनफूट, म्हणजेच सुमारें ५,७०० लिटर. एक इंच पाणी म्हणजे ४७५ लिटर. आतां गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद तुकडा, १,०८९ चौरस फुटांचा. त्यावर दोन इंच पाणी उभें करावयाचें तर १८१ घनफूट लागतें. पाटांत थोडें मुरतें, थोडें फुटून जातें. तेव्हां अगदीं सोपा हिशेब असा झाला कीं, आमच्या विहिरीचें एक फूट पाणी म्हणजे एका गुंठ्याचें एक भरणें. ज्यांच्या विहिरीचा व्यास निराळा असेल त्यांनीं व्यासाचा वर्ग करून त्यास ०.७८५४ नें गुणावें म्हणजे आपलें क्षेत्रफळ मिळेल. व्यास २० फूट असल्यास तें ३१४ येतें. केवळ चार फुटांनीं रुंद असलेली विहीर दीडपटीहून अधिक पाणी धरते, हें पाहून मलाही प्रथम नवल वाटलें होतें.

चैत्र-वैशाखांत भाजीपाल्याच्या एका गुंठ्यास आठवड्यास दोन इंच पाणी लागतें. आमच्या मुरमाड जमिनींत तें एकदम न देतां दोन वेळां विभागून द्यावें लागतें, नाहींतर निम्में खालीं जातें. म्हणजे माझ्या सहा गुंठ्यांस आठवड्यास सहा फूट पाणी हवें होतें. आणि विहिरीस किती येत होतें? गुढीपाडव्याला दिवसाकाठीं एक फूट. अक्षय्य तृतीयेला सहा इंच. वैशाखी अमावास्येला चार इंच. पाडव्याच्या मापानें सुद्धां आठवड्याचे सात फूट झाले व त्यांतला माझा हिस्सा साडेतीन. सहाचा खर्च आणि साडेतीनची जमा! ज्या माणसानें आयुष्यभर सरकारी रकमेची बेरीज चुकूं दिली नाहीं त्याच्या हातून हें घडावें, याचें मला आजही राहून राहून आश्चर्य वाटतें.

येथें एक भेद स्पष्ट सांगावासा वाटतो. विहिरींत उभें दिसणारें पाणी ही ठेव होय आणि झऱ्यांनीं रोज येणारा आव हा पगार होय. संक्रांतीस आपण डोकावून जें पाहतों ती ठेव. बाग चालवावयाची ती पगारावर. आमचा सर्व मुलूख काळ्या पाषाणाचा. या पाषाणाच्या वरच्या, झिजून मुरूम झालेल्या थरांत व खडकाच्या भेगांत काय तें पाणी राहतें. खालीं कातळ लागला कीं संपलें. पावसाळ्यांत भरलेल्या भेगा जसजशा रित्या होतात तसतसा आव घटत जातो. म्हणून पौषांतील आव पाहून वैशाखाचा बेत करणें म्हणजे वतनदाराच्या थाटानें महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यांत उडविणें आहे.

पाण्याच्या मानानें पीक, पिकाच्या मानानें पाणी नव्हे, ही गोष्ट आपल्या मुलखास नवी नाहीं. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेस बागलाणांत मोसमेच्या व पलीकडे धुळ्याकडे पांझरेच्या कांठीं फड पद्धति शेंकडों वर्षें चालत आली आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें असतें आणि पाणी सोडण्याचें काम पाटकऱ्याकडे असतें, ज्याच्या त्याच्या मर्जीवर नसतें. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत उभी केली. तिनें तर पाणी जमिनीच्या मानानें न देतां कुटुंबांतील माणसांच्या मानानें द्यावयाचें ठरविलें, माणशीं अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर, आणि उंसास त्या पाण्यावर मज्जाव केला. अहमदनगर जिल्ह्यांतील (या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) हिवरे बाजार येथें गांवकरी एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडतात व मग पिकें ठरवितात. एवढी मोठीं उदाहरणें डोळ्यांसमोर असतांना दोन भावांच्या एका विहिरीचा ताळेबंद कोणीं मांडला नव्हता, कारण भाऊ-भाऊ आहेत, मापें कसलीं घ्यावयाचीं, असें आपल्याला वाटतें. माझ्या पाहण्यांत तरी, नोकरीच्या काळीं, विहिरींचे जे तंटे कचेरीपर्यंत आले ते बहुतेक भावाभावांचेच होते.

वडील सांगत, १९७२ सालीं याच विहिरीचा तळ खरवडून घागरी भरीत. घरांतील मोठीं माणसें रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात, लहानांस सुकडी मिळे आणि भाकरी परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोची. त्या सालीं विहिरीचें बांधकाम दहा फूट खालीं नेलें. त्यापुढें वडील उन्हाळ्यांत अंगणापलीकडे कांहीं लावीत नसत. मला तो त्यांचा कद्रूपणा वाटे.

यंदाच्या संक्रांतीस विहिरींत १९ फूट पाणी भरलें. दुसऱ्या दिवशीं बंधूंच्या गव्हाच्या पाळीनंतर तें चार फूट उतरलें होतें. तेव्हांपासून चोवीस तास मोटार बंद होती, तेवढ्यांत सव्वादोन फूट परत चढलें. हे आंकडे, गेल्या उन्हाळ्याचे आंकडे व माझ्या बागेचा नकाशा असे तीन कागद मीं तयार केले आणि तिळगूळ घेऊन बंधूंच्या घरीं गेलों. भोगीच्या दिवशींही गेलों होतों, पण कागद खिशांतच राहिले होते.

वहिनींनीं बोरें, हरभरा, गाजर घातलेलें सुगड पुढें ठेवलें. बंधूंनीं तिळगूळ घेतला. मीं कागद पसरून पाडव्यापासूनचा आव, आठवड्याचा खर्च, सगळें वाचून दाखविलें. ते शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मग म्हणाले, “नववा थर उघडा पडला कीं उन्हाळी भाजी बंद करायची. आबा तेंच करायचे.”

मला कांहींच उमगलें नाहीं. तेव्हां ते मला विहिरीवर घेऊन गेले. आमच्या विहिरीस वरून दगडी बांधकाम आहे. ते थर वरून मोजीत त्यांनीं नवव्या थराकडे बोट केलें. तेथें एका चिऱ्यावर छिन्नीची आडवी खूण आहे. ती मीं लहानपणीं शंभरदां पाहिली असेल. गवंड्याची खूण म्हणून सोडून दिली असेल. नवव्या थराखालचें पाणी गुरांचें व घरचें, वरचें रानाचें, असा वडिलांचा नेम होता. मीं दोरी टाकून पाहिलें. खुणेपासून तळापर्यंत ११ फूट भरले. आमच्या दोन्ही घरचीं मिळून सहा जनावरें आहेत. उन्हाळ्यांत मोठें जनावर दिवसाला ६० ते ७० लिटर पाणी पितें. म्हणजे सहा जनावरांस रोज विहिरीचा एक इंचही लागत नाहीं. दोन्ही घरचें वापराचें धरून दीड इंच. वैशाखाच्या शेवटीं आव चार इंच असतो. तेव्हां वडिलांनीं केवढी शिल्लक धरली होती हें आंकड्यांनींच सिद्ध झालें. त्यांनीं बहुधा १९७२ साल डोळ्यांपुढें ठेवलें असावें, ज्या सालीं आव असा नव्हताच.

“मग गेल्या सालीं मला सांगितलें कां नाहीं?” मीं विचारलें.

बंधू म्हणाले, “तूं पुस्तकें आणली होतीस.”

त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. असो.

आतां यंदाच्या बेताविषयीं. सहा गुंठ्यांपैकीं उन्हाळ्यांत मीं केवळ दीड गुंठा भिजविणार आहें. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचा सहा इंचांचा आव धरला तर आठवड्यास साडेतीन फूट होतात. माझा हिस्सा पावणेदोन. दीड गुंठ्यास दीड फूट, उरलें तें झाडांस. वैशाखाच्या अखेरीस माझा हिस्सा एक फूट दोन इंचांवर येईल, तेव्हां कोणता वाफा आधीं बंद करावयाचा हेंही आजच ठरवून ठेवलें आहे. कारण डोळ्यांदेखत हिरवें असलेलें पीक त्या वेळीं सोडवत नाहीं. प्रथम काकडी, मग भेंडी, सर्वांत शेवटीं गवार. गवार काटक आहे. एक पाळी चुकली तरी ती मान टाकीत नाहीं.

भेंडी अर्धा गुंठा. परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढलेली ‘परभणी क्रांती’ हीच लावणार आहें. उन्हाळ्यांत पांढऱ्या माशीमुळें भेंडीची पानें शिरांपासून पिवळीं पडतात. आमच्याकडे त्यास केवडा किंवा हळद्या म्हणतात. हा रोग आला कीं झाड उपटण्याखेरीज उपाय नाहीं, आणि ही जात त्यास पुष्कळशी दाद देत नाहीं. शिवाय ती संकरित नसल्यामुळें चार चांगलीं झाडें बियास सोडलीं म्हणजे पुढल्या सालचें बीं घरींच होतें. ओळींत एक फूट व झाडांत अर्धा फूट अंतर ठेवून अर्ध्या गुंठ्यास सव्वाशे ग्रॅम बीं पुरतें. पेरणीची घाई मात्र यंदा नाहीं. रथसप्तमी होऊं द्यावयाची, पहांटेची हुडहुडी मोडूं द्यावयाची, बीं रात्रभर पाण्यांत भिजवून सकाळीं सावलींत सुकवावयाचें आणि ओल्या वाफ्यांत टोकावयाचें.

गवार ‘पुसा नवबहार’, पाव गुंठा. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘हिमांगी’ काकडी व घरचा दोडका मिळून अर्धा गुंठा. राहिलेल्या पाव गुंठ्यांत मांडवाच्या सावलीस कोथिंबीर व थोडी चुक्याची भाजी. मेथी उन्हाळ्यांत लावण्याच्या फंदांत मी पडणार नाहीं. तिला थंडी प्रिय आहे. आतां आहे तीच फाल्गुनापर्यंत खावी.

काकडी-दोडक्याचीं रोपें आधीं तयार करण्याची युक्ति वहिनींची आहे. पळसाच्या पानांच्या द्रोणांत निम्मी माती व निम्में कुजलेलें शेणखत भरून प्रत्येकांत दोन बिया लावावयाच्या व द्रोण चुलीच्या भिंतीलगत ठेवावयाचे. रात्रीची ऊब मिळाल्यानें थंडींतही सात-आठ दिवसांत बीं उगवतें. दोन-तीन पानांवर रोप आलें कीं द्रोणासकट जमिनींत बसवावयाचें. मूळ दुखावत नाहीं. पुढें पान कुजून जातें. वेलवर्गाच्या रोपांस मूळ हाललेलें मुळींच खपत नाहीं, म्हणून उपटून लावण्यापेक्षां ही रीत शंभर वांट्यांनीं चांगली. बाजारांत यासाठीं प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात; चालतात, पण लावतांना फाडाव्या लागतात व त्यांचे तुकडे वर्षभर मातींत सांपडत राहतात.

आच्छादनाची तजवीज आतांच करावी लागते. आमच्या दाराशीं मोठा कडुनिंब आहे. माघ-फाल्गुनांत त्याचा सर्व पाला झडतो. आजवर तो झाडून पेटविला जात असे. यंदा तो कोपऱ्यांत सांठवून वाफ्यांत रोपांच्या बुंध्यांभोंवतीं चार बोटें जाड पसरणार आहें. गव्हाचें काड बंधूंकडून मिळेल. आच्छादनाखालची माती उन्हानें तापत नाहीं व तिची ओल दोन दिवस अधिक टिकते, हें मीं गेल्या सालीं उरलेल्या लिंबाखालीं अनुभवलें आहे. तेथें केवळ योगायोगानें काडाचा ढीग पडून राहिला होता, आणि दोन झाडांपैकीं तेंच वांचलें.

लिंबाच्या झाडाला, कढीलिंबाला व शेवग्याला यंदा पाटाचें पाणी देणार नाहीं. कुंभाराकडून कच्च्या अंगाची, झिलई नसलेली १५ लिटरांचीं मडकीं आणलीं आहेत. तळाशीं बारीक भोंक पाडून त्यांत सुती वात ओवावयाची आणि बुंध्यापासून दोन हातांवर गळ्यापर्यंत पुरावयाचें. लिंबास चार मडकीं, लहान झाडांस एकेक. तोंडावर झांकण ठेवावें, नाहींतर डांस होतात. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं भरलें म्हणजे पाणी मुळाशींच जातें. चार मडकीं भरावयास ६० लिटर लागतात. हेंच पाणी पाटानें आळ्यांत सोडलें असतें तर झाडापाशीं पोंचण्यापूर्वींच मुरून गेलें असतें. ठिबकाच्या नळ्या घ्याव्यात असें पुतण्याचें म्हणणें आहे व मोठ्या बागेस तें अगदीं योग्य आहे. पण चार झाडांसाठीं मला मडकें पुरे वाटतें.

उरलेले साडेचार गुंठे मोकळे राहतील. मोकळे म्हणजे फुकट नव्हेत. फाल्गुनांत धनगरांचा कळप आमच्या शिवारांतून जातो. दोन रात्री मेंढ्या बसवावयाचें बोलून ठेवलें आहे. मग जमीन खणून उन्हांत तापूं द्यावयाची आणि मृगाच्या पहिल्या पावसावर ताग पेरून फुलोऱ्यावर येतांच गाडावयाचा. गेल्या सालीं या साडेचार गुंठ्यांनीं जें पाणी खाल्लें त्यांत डोंगळ्यांच्या दोन पाळ्या सहज झाल्या असत्या.

बंधूंनीं यंदाही डोंगळे लावले आहेत, परंतु आठ गुंठ्यांऐवजीं केवळ तीन. गेल्या सालच्या बियांतून जें भरीव निघालें त्याचेच कांदे. वेंचावयास फारसे कांदेच नव्हते. सध्यां त्यांस दांडे फुटूं लागले आहेत. तीन गुंठ्यांस फाल्गुनाच्या अखेरच्या पाळीला तीन फूट पाणी लागेल, तें मीं माझ्या वहींत सर्वांत वर, माझ्या खर्चाच्या आधीं, लिहून ठेवलें आहे. बंधूंस तसें सांगितलें नाहीं. गोंडे फुलल्यावर त्यांवर मधमाश्या याव्या लागतात, त्याशिवाय दाणा धरत नाहीं. तेवढ्याकरितां माझ्या बागेंत मी त्या पंधरवड्यांत कोणतेंही औषध फवारणार नाहीं.

वाळलेलें लिंबाचें झाड तोडावें असें घरांत रोज निघतें. कागदी लिंबाचें रोप बियापासून केलें तरी बहुतेक आईसारखेंच निघतें, कारण एका बींतून जे दोन-तीन कोंब फुटतात त्यांतले बरेचसे झाडाच्या स्वतःच्याच अंगाचे असतात. तेव्हां राहुरीहून ‘साई सरबती’चें रोप आणावें कीं उरलेल्या झाडाच्याच लिंबांचें बीं लावावें, याचा विचार चालू होता. परवां संध्याकाळीं बंधू कुंपणाशीं आले. हातांत पळसाचा द्रोण होता, त्यांत चार बोटांएवढीं दोन लिंबाचीं रोपें. त्यांनीं तीं श्रावणांतच आपल्या न्हाणीच्या पाण्यावर लावलीं होतीं म्हणे. द्रोण ओट्यावर ठेवून ते जरा वेळ उभे राहिले, विहिरीकडे पाहून म्हणाले, “आज किती भरलें?”

मीं सांगितलें, अठरा फूट चार इंच. त्यांनीं मान हलविली व गव्हाला पाणी धरावयाचें होतें म्हणून ते निघून गेले. वीज रात्रीं दहाला येणार होती.